संत्रं फुटलं नाही पाहिजे

सौंसर, १८ नोव्हेंबर २०२४

श्रुती,
जय भीम.

खाली सही पाहून पत्र फाडणार असशील तर थांब. भांडायला लिहिलेलं नाही. तुझ्या भावाशी माझं जे झालं ते तुमच्या घरी गाजलं असेलच, रोशननं माझी नक्कलही केली असेल. आता माझ्याकडून ऐक.

आमच्या हॉकी टीमचे गोल कोण करायचे हे तुला माहीत आहे. पुढचे आम्ही पाच पोट्टे धावायचो, पडायचो, शॉर्ट कॉर्नर कमवायचो. मग मागून दोघं फुलबॅक रमतगमत यायचे. तुळशीराम बॉल थांबवायचा, तुझा मावसभाऊ सुमेध तो गोलात टाकायचा, आणि दोघं पुन्हा मागे जाऊन उभे राहायचे, जसं काही शेजारून विरजण घेऊन आले. यंदा सुमेध बालाघाटकडच्या जंगलात वनरक्षक लागला. तिथं रेंज नाही. तुळशीराम बोरगावच्या कंपनीत गेला, त्याची पाळी नेमकी खेळायच्या वेळेची. दोघं गेले आणि आमचे गोल त्यांच्यासोबत गेले. दिवाळीनंतर पांढुर्ण्यात तुमच्याशी खेळलो, कॉर्नरवर कॉर्नर मिळाले, सगळे मीच मारले, सगळे गोलात उभ्या रोशनच्या पॅडवर.

नंतर बसस्टँडवर तो म्हणाला, "काय बे, तुमचे गोल त मांगचे करत होते. तू समोर केस उडवाले उभा राहत होता काय?" सगळे हसले. चहावाला पण हसला. माझं डोकं कसं आहे ते तू ऐकलं असशील. मी म्हणालो, "शॉर्ट कॉर्नरवर तुह्यावर गोल टाकीन, तवाच पांढुर्ण्यात पाय ठेवीन. नाही त नाही!" आणि शब्दाला वजन यावं म्हणून हातातला फोन फरशीवर आपटला. म्हणून हे पत्र.

बस निघाली. तुमच्या बगीच्याजवळच्या वळणावर ती हळू होते. तू कुंपणाशी उभी होतीस, कमरेवर टोपली, बसकडं पाहत. बसकडंच, मी काही वेगळं समजत नाही. पण तेव्हा डोक्यात आलं की मी कोणत्या गावाची शपथ घेऊन बसलो.

आता एकच रस्ता आहे. सव्वीस जानेवारीला आमच्या ग्राउंडवर टूर्नामेंट आहे. तुमची टीम येईल, गोलात रोशन असेल. सुमेध जाताना म्हणाला होता, "माह्यं फ्लिक श्रुतीले विचारजो. दर दिवाळीले तिच्याच बगीच्यात केलं म्या." तर सांग, तो काय करायचा?

कॉलेज सांभाळून रोज प्रॅक्टिस करून राहिलो. पहाटे एकच स्वप्न पडते. ग्राउंडवर धुकं, गोलपोस्टच्या जागी दोन संत्र्याची झाडं, मी मारलेला बॉल जातो, जातच राहतो, कुठं पोचत नाही, आणि मी त्याच्यामागं चालत असतो. पायाला जमीन लागत नाही.

पाकीट तुझ्या वच्छलाआत्याच्या पिशवीत टाकतो. ती आमच्या शेजारी, दर बाजाराला तुमच्याकडं येतेच. तिनं काही विचारलं नाही, म्हणजे सगळं समजली.

स्वप्निल


पांढुर्णा, २६ नोव्हेंबर

स्वप्निलभाऊ यांना जय भीम.

पत्र फाडलं नाही. नक्कल मात्र झाली, दोन वेळा, दुसऱ्यांदा आईच्या फर्माईशीवर. "पाय ठेवीन" म्हणताना तुमचा आवाज चिरकला होता असं रोशनदादा म्हणतो. खरं का?

तुम्ही बॉल मारता. सुमेधदादा मारत नव्हता. तो बॉल स्टिकच्या वाकात घ्यायचा, उजव्या पायाजवळून जमिनीवरून ओढत आणायचा, डावा पाय लांब पुढं पडला की मग सोडायचा. लहान लेकराला झोपेतून उचलून दुसऱ्या खाटेवर ठेवतात तसं. जोर असतो, पण झटका नसतो.

आमच्याकडं बॉल एकच होता, तो विहिरीत गेला. मग तो गळलेल्या संत्र्यांवर शिकला. मृगाच्या बहाराची कच्ची गळ, हिरवी, टणक, झाडाखाली सडाच असतो. आईची जुनी साडी आम्ही दोन झाडांना बांधायचो. नियम एकच होता. संत्रं साडीपर्यंत पोचलं पाहिजे आणि फुटलं नाही पाहिजे. मारलं की फुटते. ओढलं की नाही फुटत. तुमच्या सौंसरात संत्र्यांची काही कमी नाही, साडी तेवढी मागा कोणाला.

माझ्याच भावावर गोल करायचं मी का शिकवते ते विचारू नका. मीही स्वतःला विचारलेलं नाही. त्याला यातलं काही माहीत नाही. घरचा फोन त्याच्याच हातात असतो, तेव्हा आत्याची पिशवी बरी.

आणि मी बसकडंच पाहत होते.

श्रुती


सौंसर, ८ डिसेंबर

श्रुती,

पहिली गोष्ट, भाऊ म्हणू नको. तुला एक भाऊ आहे, तोच मला पुरून उरला.

दुसरी गोष्ट. आमच्या अंगणात असा रस झाला आहे की मुंग्यांची जत्रा भरली. एक संत्रं धड पोचत नाही. साडी वच्छलाआत्यानंच दिली, वर म्हणाली, "घे बाप्पा, डाग त पडलेच आहेत नशिबाले." सगळी संत्री तिच्या काठावर फुटून लोंबकळतात. काल इतका संतापलो की स्टिक झाडावर मारली. झाडाला काही झालं नाही. गुणवंता, आमचा राइट विंगर, पारावर बसून पाहत होता. म्हणे, "गोल राहू दे, तू रसवंती टाक."

मला खरं सांगायचं तर मारायलाच आवडते. बॉल गोलात मागं तळाशी असलेल्या लाकडी फळीवर आदळला की जो धाड आवाज येतो ना, तो छातीत बसतो. आमच्या गोलाची जाळी म्हणजे क्रेटवर बांधायची जुनी जाळी आहे, भोकंच जास्त. बॉल आतून गेला की बाहेरून, अंपायरला कळत नाही, म्हणून इथं पहिल्यापासून चालत आलं: फळी वाजली की गोल. तो आवाज ऐकायची सवय लागली आहे मला. तू म्हणतेस आवाज न करता. मला आवाज न करता काही करता येते काय, हे पहिल्यांदाच पाहून राहिलो.

पण एक सांगतो. काल उन्हं कलताना एक संत्रं गेलं. मी तुझ्या त्या लेकराचा विचार करत होतो, दुसऱ्या खाटेवर ठेवायचं ते. संत्रं स्टिकवरून कधी सुटलं कळलंच नाही. साडीला पोट आलं, आणि ते अलगद खाली उतरलं. मी जवळ जाऊन पाहिलं. अख्खं. खिशात ठेवलं आहे. हे पत्र लिहिताना त्याचा वास बोटांना लागला आहे, कागदालाही लागला असेल. बघ.

सध्या कॉलेजात प्रॅक्टिकल सुरू आहेत, म्हणून वेळ कमी मिळतो.

स्वप्निल (नुसता)


पांढुर्णा, १७ डिसेंबर

स्वप्निलभाऊ,

कागदाला वास लागला होता. आईनं विचारलं, काय वाचून राहिली. मी म्हटलं, संत्र्याच्या रोगावर माहिती आहे. ते अगदीच खोटं नाही.

तुमचे प्रॅक्टिकल कसे सुरू आहेत? कारण वच्छलाआत्या म्हणते, तुम्ही ऑगस्टातच सरांसोबत भांडून दप्तर उचलून निघून आले, ते परत गेलेच नाही. आत्या पत्र वाचत नाही, पण शेजारी राहते ना. कॉलेज सोडलं याचा मला राग नाही. मला का सांगितलं नाही, याचा आहे. तुम्ही रागात काय काय आपटता त्याचा हिशोब ठेवायला मी बसलेली नाही. फोन, कॉलेज, पांढुर्णा. उद्या अजून काही.

मी पण एक सांगितलं नव्हतं. होळी झाली की मी वर्ध्याला नर्सिंगला जाते. तीन वर्षं. होस्टेल मिळालं आहे. तोवर इथंच आहे, याच बगीच्यात, याच कुंपणाशी. तुमची शपथ तुम्हाला येऊ देत नाही आणि मला सौंसरात यायला काही कारण नाही. म्हणजे तो गोल झाला तर भेट, नाही तर नाही. असं कोणी करते काय हो? साधं बसचं तिकीट काढायचं काम, आणि तुम्ही त्याच्यासमोर रोशनदादाला पॅड बांधून उभं केलं.

"भाऊ"चं म्हणाल तर ते सव्वीस तारखेनंतर पाहू.

श्रुती


सौंसर, १० जानेवारी २०२५

श्रुती,

इतके दिवस लिहिलं नाही कारण आधी रागावलो होतो. मग कोणावर रागावलो ते शोधत होतो. सापडलं ते नाव मला आवडलं नाही.

कॉलेज सोडलं. हो. तुझ्या नजरेत मी बी.एस्सी. सेकंड इयर असावं असं वाटायचं, बाकी कोणाच्या नजरेत काही असलं तरी चालते.

तुझं वर्धा वाचलं त्या दुपारी घरी थांबवेना. स्टिक, साडी, संत्र्यांची टोपली घेतली आणि ग्राउंडवर गेलो. साडी गोलपोस्टला बांधली. कोणी नव्हतं. थंडीचं ऊन असं पसरलं होतं की गवत, गोलपोस्ट, पलीकडची तूर, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. मी टोपलीतली संत्री एक एक लावली आणि ओढत गेलो. मारायचं मनातच आलं नाही. हात जड होते, श्वास सावकाश होता, आणि प्रत्येक संत्रं हिरव्या दिव्यासारखं उडून साडीत जाऊन बसत होतं. शेवटी साडीखाली चिमण्या बसाव्या तशी ती ओळीनं पडली होती. त्यातलं एकही फुटलं नव्हतं. मला वाटलं तू मागं उभी आहेस. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नसतीस.

आता बॉलनं करतो. बॉल जड, पण हात ते विसरत नाही. गुणवंता तुळशीरामच्या जागी थांबवतो. आधी त्याच्या स्टिकवरून बॉल उड्या मारायचा, मी त्याला शिव्या द्यायचो. आता देत नाही, तर तोच घाबरला. "बरा आहेस ना बे? ताप बिप?" अजून एक. मी आता फुलबॅक खेळतो. पुढं धावायचं सोडलं. मागं उभं राहिलं की सगळं ग्राउंड दिसते, आणि घाई कमी होते. सुमेध का निवांत उभा राहायचा ते आता कळलं.

गोल होईल. मग पहिल्या बसनं येईन. तुमच्या वळणावरच उतरेन, स्टँडपर्यंत पण जाणार नाही.

स्वप्निल


पांढुर्णा, १९ जानेवारी

स्वप्निलभाऊ,

घाईत लिहिते, आत्या निघाली.

संत्र्याला आंबियाचा बहार फुटायला लागला आहे. सकाळी बगीच्यात उभं राहिलं तर डोकं हलकं होते, वासानं. रोशनदादा त्याच फुलांखाली पॅड बांधून प्रॅक्टिस करतो. डोळे मिटतो आणि मला म्हणतो, "दगडावर दगड मार." टक्क झालं की उजवीकडं झेपावतो. म्हणे, "स्वप्निलचं पाहावं नाही लागत. तो ठोकते, आवाज आला की पडायचं."

मी दगडावर दगड मारते. त्याला काही सांगत नाही. तुम्हालाही काही सांगत नाही असं समजा. जे संत्र्यानं शिकवलं तेच करा. तो माझा भाऊ आहे आणि तो हरून आला तर त्याला गरम पाणी मीच देणार आहे. तरी रोज सकाळी मनात दुसरंच येते. कोणाला सांगू?

श्रुती


सौंसर, २८ जानेवारी

श्रुती,

रोशन शील्ड घेऊन घरी आला असेल, तेव्हा निकाल तुला माहीत आहे. पण काय झालं ते माझ्याकडून ऐक.

फायनल. तुम्ही एक गोलनं पुढं. शेवटची काही मिनिटं, आम्हाला शॉर्ट कॉर्नर. मी गोलासमोरच्या डीच्या कडेला उभा राहिलो. रोशन ओरडला, "ये बे ठोक्या, ये!" मला राग यायला पाहिजे होता. मी शोधला, सापडला नाही. तुमच्या बगीच्याचा वास आला. खरंच आला, शपथेवर सांगतो. नाही, शपथ नको.

बॉल आला. गुणवंतानं असा थांबवला जसं कोणी झोपलेल्या मांजरावर हात ठेवला. मी वाकलो, घेतला, ओढला. डावा पाय पडला. सोडला. काही आवाज झाला नाही, श्रुती. अख्ख्या ग्राउंडवर काहीच आवाज झाला नाही. रोशन आवाजाची वाट पाहत उभा होता. बॉल त्याच्या कानाजवळून वर गेला, कोपऱ्याच्या आत, फळीच्या कितीतरी वरून, आणि जाळीच्या भोकातून मागच्या तुरीत. जातच राहिला. माझं स्वप्न होतं ते, पण दिवसा.

अंपायरनं हात आडवा केला. "फळी वाजली नाही. बाहेर."

आमचे पोट्टे धावले त्याच्यावर. गुणवंतानं त्याची शिट्टी हिसकली. सगळे माझ्याकडं पाहत होते की आता हा स्टिक फेकते. मी स्टिक खाली ठेवली. अंपायर काय करेल? त्यानं जे ऐकलं नाही ते त्याला दिसलं नाही. साडीला फळी नसते, हे ना तुझ्या ध्यानात आलं ना माझ्या. सुमेध बहुतेक खालीच टाकायचा, आमचं ग्राउंड ओळखून.

मी फक्त रोशनकडं पाहिलं. तो मागं वळून त्या भोकाकडं पाहत होता. मग माझ्याकडं पाहिलं. मॅच संपली.

बॉल मीच तुरीतून आणला.

तर असं आहे. फळी वाजली नाही म्हणजे गोल नाही, गोल नाही म्हणजे पांढुर्णा नाही. सगळे म्हणतात, तू त टाकला होता, जा. पण शपथ माझी आहे. जाळीसारखी तिच्यात भोकं पाडून मी येऊ काय? इतकं सगळं आपटलं, ही एक वस्तू अख्खी ठेवावी म्हणतो. तुझी वर्ध्याची गाडी सौंसरवरून जात नाही, मी नकाशात पाहिलं.

मला वाईट वाटते. पण आतून काही फुटलेलं नाही. हे तुझंच शिकवणं.

तुला "भाऊ" लिहायचं असेल तर लिही. आता काही म्हणत नाही.

स्वप्निल


पांढुर्णा, ४ फेब्रुवारी

स्वप्निल,

तुमचं पत्र मी बहाराखाली बसून वाचलं. वाचताना फुलं पडत होती कागदावर. मी झटकली नाही. फळी मीच विसरले. लहानपणापासून साडीच पाहिली, तिला आवाज नसतो.

आता इकडचं ऐका. रोशनदादा शील्ड घेऊन आला, ती चुलीजवळ ठेवली आणि जेवायला बसला नाही. आई म्हणाली, "जिंकून आला का हरून, तोंडानं त सांग." तो म्हणाला, "आवाजच नाही आला." दोन दिवस तेवढंच. तिसऱ्या दिवशी तो बगीच्यात गेला. सव्वीस तारखेला मी एकटीच संत्री ओढून पाहिली होती, ती साडी सोडून ठेवायची विसरले, तशीच झाडांना होती, आणि खाली गळलेली संत्री. तो बराच वेळ साडीकडं पाहत राहिला. मग पॅड न बांधता तिच्यासमोर उभा राहिला आणि मला म्हणाला, "टाक."

मी म्हटलं, मला येत नाही.

"येते तुले. टाक."

घरात सुमेधदादाची जुनी स्टिक आहे. मी एक संत्रं ओढलं. त्याच्या कानाजवळून गेलं आणि साडीत जाऊन बसलं. तो हलला नाही. मग साडीखालून ते उचललं, फिरवून फिरवून पाहिलं कुठं फुटलं का. तिथंच बसून सोललं. कच्चं, आंबट, तरी सगळं खाल्लं. मला एक फोड दिली. म्हणाला, "वच्छलाआत्या हल्ली लयच येऊन राहिली आपल्याकडं." मी फोड तोंडात टाकली. तो म्हणाला, "पत्र लिहिशील तेव्हा मले दाखव. खाली थोडी जागा ठेवजो."

म्हणून जागा ठेवते. मी लिहिलेलं त्यानं वाचलं आहे, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

बहार पंधरा-वीस दिवस टिकतो. मग फुलं गळतात.

श्रुती

स्वप्निल बे,

गोल होता. मी वळून पाहिला होता, दोन्ही डंड्यांच्या मधून, वरच्या कोपऱ्यातून, भोकातून गेला. अंपायरनं मले विचारलं असतं त काय सांगितलं असतं माहीत नाही, पण त्यानं विचारलं नाही आणि म्या सांगितलं नाही. आता सांगून राहिलो. ज्याच्यावर टाकायची शपथ होती तोच म्हणते गोल होता, म्हणजे झाला. अंपायरची शपथ नव्हती घेतली तू.

येजो. वळणावर उतरू नको, स्टँडवर उतर. जिथं तमाशा केला तिथंच मी घ्यायला येतो, चहा त्याच चहावाल्याकडं पिऊ. नवीन फोन घेतला असशील त खिशात ठेवजो.

आणि श्रुतीनं वरती तुह्या नावापुढचं "भाऊ" काढलं, ते पाहिलं म्या. मले मात्र तू भाऊच म्हणजो.

रोशन